एक्सेलमध्ये तारखांची तुलना दर महिन्याला का चुकते आणि ती कायमची कशी दुरुस्त करायची

तक्रार साधारण अशी असते. मुदत उलटलेली बिलं लाल व्हायला हवीत, पण ती पांढरीच राहतात आणि भलतंच एखादं बिल लाल होतं. किंवा दोन शीटमध्ये डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी तारीख असते, तरी व्हीलूकअप (यादीत जुळणारी नोंद शोधणारं फंक्शन) म्हणतं सापडली नाही. मग कुणीतरी फॉर्म्युला बदलून देतं, तेवढा महिना निभावतो, आणि पुढच्या महिन्यात बँकेची किंवा पोर्टलची नवी फाइल आली की पुन्हा तेच.

हे दुखणं परत परत येतं कारण उपचार चुकीच्या जागी होतो. अशा वेळी फॉर्म्युला बहुतेकदा बरोबर असतो. सेलमध्ये जे साठलेलं असतं ती तारीख नसते, किंवा तारीख असते पण दुसरीच. हे ठरतं फाइल उघडताना किंवा डेटा चिकटवताना, म्हणजे फॉर्म्युला लिहिण्याच्या खूप आधी.

खाली फॉर्म्युले उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. एक्सेलमध्ये टाकताना फंक्शनची नावं, सेलचे पत्ते आणि अंक नेहमीप्रमाणे इंग्रजीतच टाका.

आधी तपासणी, मग दुरुस्ती

एक्सेल तारीख साठवतं ती एका पूर्णांकाच्या रूपात. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून रोज एकाची भर. १ एप्रिल २०२४ हा ४५३८३ आहे, ३१ मार्च २०२५ हा ४५७४७. वेळ असेल तर ती दशांशात येते: दुपारचे बारा म्हणजे ०.५. "३१-०३-२०२५" हे जे दिसतं ते त्या अंकावर चढवलेलं फॉरमॅट. तुलना अंकांची होते, दिसण्याची नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे तो अंक पाहणं. शीटची कॉपी करा, कॉपीमध्ये तारखांचा पूर्ण कॉलम निवडा आणि कंट्रोल + शिफ्ट + ~ दाबा. फॉरमॅट जनरल होतं आणि खरं काय ते उघडं पडतं:

- ४५७४७ असा पूर्णांक दिसला तर ती तारीख आहे.
- ४५७४७.६८ असा दशांश दिसला तर तारखेला वेळ चिकटलेली आहे.
- काहीच बदललं नाही, "३१/०३/२०२५" तसंच राहिलं, तर तो मजकूर आहे.

हजारो ओळी असतील तर डोळ्यांनी शोधत बसू नका. =काउंटए(ए२:ए५०००)-काउंट(ए२:ए५०००) हा फॉर्म्युला भरलेल्या पण अंक नसलेल्या सेलची संख्या देतो. शून्य आलं पाहिजे. नेमके कुठले सेल ते हवं असेल तर शेजारच्या कॉलममध्ये =इजनंबर(ए२) भरा आणि फॉल्सवर फिल्टर लावा.

फिल्टरची यादी हीसुद्धा चांगली चाचणी आहे. खऱ्या तारखा वर्ष, महिना, दिवस अशा झाडासारख्या उघडतात, मजकुराच्या तारखा त्याखाली सुट्या पडलेल्या दिसतात. पिव्हट टेबलमध्ये महिन्यावार गट करताना "कॅनॉट ग्रुप दॅट सिलेक्शन" असा नकार आला, तर त्याचंही कारण बहुतेक हेच असतं. तारीख सेलच्या डावीकडे चिकटली तर मजकूर, उजवीकडे तर तारीख, ही प्रसिद्ध खूण मात्र फारशी कामाची नाही. कुणी कॉलम सेंटर करून ठेवला असेल तर ती खूण गेली.

मजकूर असेल तर तुलना कशी फसते

एक्सेलच्या तुलनेत कुठलाही मजकूर कुठल्याही अंकापेक्षा मोठा धरला जातो. =ए२<टुडे() लिहिलं आणि ए२ मध्ये मजकूर "०१/०४/२०१९" असेल, तर उत्तर फॉल्स. २०१९ असो की १९९९, मजकूर आजच्यापेक्षा मोठाच. मुदत उलटलेलं बिल पांढरं राहतं ते याचमुळे.

गोंधळ वाढवणारी गोष्ट पुढेच आहे. बेरीज-वजाबाकी करताना एक्सेल मजकुराचा अंक करून बघतं. तुलना करताना तसं करत नाही. त्यामुळे =बी२-ए२ ला दिवसांचा फरक बरोबर येतो आणि त्याच दोन सेलवर =बी२>ए२ चुकतं. वजाबाकी जमली म्हणून तारखा ठीक आहेत असं समजू नका. काउंटइफ आणखी निराळं वागतं: ">=" अशा अटीत ते मजकुराचे सेल सरळ सोडून देतं. एकाच कॉलमवर दोन पद्धतींनी मोजणी केली आणि आकडे जुळले नाहीत, तर आधी मजकूर शोधा.

फॉर्म्युल्यात थेट तारीख लिहितानाही दोन सापळे आहेत. =ए२>"३१/०३/२०२५" यात उजवी बाजू अवतरणामुळे मजकूर झाली, म्हणून खऱ्या तारखेसाठी उत्तर कायम फॉल्स. अवतरण काढून =ए२>३१/०३/२०२५ लिहिलं तर एक्सेल ३१ ला ३ ने आणि मग २०२५ ने भागतं; येतं सुमारे ०.००५, आणि मग उत्तर कायम ट्रू. तारीख नेहमी डेट(२०२५,३,३१) अशी लिहा, किंवा एका वेगळ्या सेलमध्ये ठेवून तिचा पत्ता द्या. काउंटइफ्समध्येही ">"&डेट(२०२५,३,३१) असंच जोडा. तिथे अवतरणातली तारीख चालते, पण कुठल्या संगणकावर कशी वाचली जाईल याची खात्री नाही.

मजकुराची तारीख करायचा सर्वांत भरवशाचा हाताचा मार्ग म्हणजे टेक्स्ट टू कॉलम्स. एका वेळी एकच कॉलम निवडा. डेटा टॅबमध्ये टेक्स्ट टू कॉलम्स, पहिल्या पायरीत डिलिमिटेड, दुसऱ्या पायरीत सगळ्या टिक काढा, तिसऱ्या पायरीत डेट निवडून शेजारच्या यादीतून डीएमवाय घ्या आणि फिनिश. इथे तुम्ही एक्सेलला स्पष्ट सांगताय की आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, त्यामुळे संगणकाच्या सेटिंगवर काही अवलंबून राहत नाही. सरकारी पत्रांत असतात तशा ठिपक्यांच्या "३१.०३.२०२५" तारखाही याच मार्गाने वळतात. यादीतला डीएमवाय म्हणजे मजकूर सध्या ज्या क्रमात आहे तो क्रम, तुम्हाला पुढे जसं दिसायला हवं तो नाही. "२०२५०३३१" असा मजकूर असेल तर वायएमडी घ्यायचं.

फिनिश केल्यावरही काही सेल तसेच राहिले तर त्यात न दिसणारं काहीतरी आहे. वेबपेजवरून कॉपी केलेल्या डेटात हमखास असते ती न तुटणारी मोकळी जागा, म्हणजे १६० क्रमांकाचं अक्षर. ट्रिम फंक्शन ती काढत नाही, कारण ते फक्त ३२ क्रमांकाची साधी स्पेस ओळखतं. =ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२,कॅर(१६०)," ")) चालवा, उत्तर व्हॅल्यूज म्हणून चिकटवा आणि मग टेक्स्ट टू कॉलम्स. काही शिल्लक आहे का हे पाहायला =लेन(ए२) पुरेसं आहे: दोन अंकी दिवस-महिना आणि चार अंकी वर्ष असलेल्या तारखेची लांबी १० हवी. ११ आली की पाहुणा आहे.

मराठी फाइलींत आणखी एक प्रकार सापडतो: देवनागरी अंकांत टाइप केलेल्या तारखा. त्या मजकूर म्हणून राहिल्या असतील तर अंक आधी बदलावे लागतात. दहा अंक बदलायचे म्हणजे दहा सबस्टिट्यूट एकात एक. होतं, पण वाचवत नाही. यापेक्षा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, बरा; त्याची चाल खाली दिली आहे.

दिवस आणि महिना उलटलेले: सगळ्यात वाईट प्रकार

मजकूर निदान पकडता तरी येतो. इथे एररही येत नाही आणि इजनंबर ट्रू म्हणतं.

सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) तारखा दिवस/महिना/वर्ष अशा आहेत, आणि विंडोजचं रीजन इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) वर आहे. नवा लॅपटॉप किंवा नव्याने विंडोज टाकलेला संगणक बऱ्याचदा असाच असतो. फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल ०५/०४/२०२४ वाचतं ४ मे म्हणून. १३/०४/२०२४ मध्ये तेरावा महिना नसल्याने तो मजकूर म्हणून सोडून देतं. म्हणजे एकाच कॉलममध्ये थोड्या चुकीच्या तारखा आणि उरलेला मजकूर. लोक मजकूर दुरुस्त करतात, आणि चुकीच्या तारखा "आधीच ठीक होत्या" म्हणून तशाच राहून जातात.

वर्षात १४४ तारखा अशा आहेत ज्यांत दिवस १२ किंवा त्याहून कमी आहे. त्यांतल्या १२ तारखा, म्हणजे १/१, २/२ वगैरे, उलटून सारख्याच राहतात. उरलेल्या १३२ गुपचूप बदलतात.

ओळखायची खूण सोपी आहे. एका महिन्याची फाइल घ्या. एप्रिलच्या रोजच्या नोंदींत एप्रिलव्यतिरिक्त ४ जानेवारी, ४ फेब्रुवारी, ४ मे, ४ जून असं दर महिन्याच्या चार तारखेचं काहीतरी दिसलं, की निदान पक्कं. रोज एक नोंद असेल तर ३० पैकी १८ मजकूर, ११ चुकीच्या आणि एकच, ४ एप्रिल, बरोबर. वर्षभराच्या फाइलीत हे इतकं उठून दिसत नाही; तिथे बिल क्रमांकाने सॉर्ट करून तारखा चढत्या आहेत का ते पाहा, किंवा मॅक्स फंक्शनने सर्वांत पुढची तारीख काढा. आजच्या पुढची बिल तारीख निघाली तर कॉलम उलटलेला आहे.

मूळ सीएसव्ही हाताशी असेल तर उलटलेली शीट दुरुस्त करत बसू नका. फाइल नव्याने, नीट पद्धतीने आत घ्या (पद्धत पुढे आहे). रीजन बदलायला विंडोज + आर दाबून आयएनटीएल.सीपीएल चालवा आणि फॉरमॅट इंग्लिश (इंडिया) करा. पण एक लक्षात ठेवा: रीजन बदलल्याने आधीच वाचून झालेल्या, वर्कबुकमध्ये साठलेल्या तारखा बदलत नाहीत. आणि उलटलेली सीएसव्ही एक्सेलमधूनच पुन्हा सेव्ह केली असेल तर मूळ मजकूरही गेला. बँकेकडून किंवा पोर्टलवरून ती परत डाउनलोड करा.

मूळ फाइल मिळतच नसेल तर हा फॉर्म्युला:

=इफ(इजनंबर(ए२),डेट(इयर(ए२),डे(ए२),मंथ(ए२)),डेट(राइट(ए२,४),मिड(ए२,४,२),लेफ्ट(ए२,२)))

अंक असेल तिथे दिवस-महिन्याची अदलाबदल, मजकूर असेल तिथे तुकडे जोडून तारीख. मजकुराच्या भागासाठी तारीख दहा अक्षरी असायला हवी, आणि फॉर्म्युला एकदाच चालवायचा. बरोबर असलेल्या कॉलमवर चालवला तर तो कॉलम बिघडतो, आणि तोही आवाज न करता: डेट फंक्शन तेरावा महिना नाकारत नाही, डेट(२०२४,१३,५) ला ते ५ जानेवारी २०२५ करून देतं. ज्या शीटमध्ये दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या संगणकांवरून डेटा चिकटवलाय तिथे हा फॉर्म्युला वापरूच नका. काही ओळी उलटलेल्या, काही सरळ, आणि कुठली कोणती हे एक्सेलला कळायला मार्ग नाही.

तारखेला चिकटलेली वेळ

बँक आणि यूपीआयच्या स्टेटमेंटमध्ये नोंदीला वेळ असते. फॉरमॅट फक्त तारखेचं असलं तर ती दिसत नाही, पण तुलनेत मोजली जाते. ३१ मार्च २०२५ दुपारी ४:२० म्हणजे ४५७४७.६८. अट <=डेट(२०२५,३,३१) असेल तर ही नोंद ४५७४७ पेक्षा मोठी ठरते आणि आर्थिक वर्षाच्या बाहेर पडते. वर्षअखेरीचा शेवटचा दिवस गायब होण्याचं हे नेहमीचं कारण.

मर्यादा घालताना वरची बाजू नेहमी पुढच्या दिवसाच्या "पेक्षा लहान" अशी ठेवा: >=डेट(२०२४,४,१) आणि <डेट(२०२५,४,१). वेळ असो वा नसो, हे चालतं. दोन तारखा समान आहेत का हे पाहायचं असेल तर =इंट(ए२)=इंट(बी२). आजची तारीख काढायला नाऊ वापरलं असेल तर तिथे टुडे करा; नाऊमध्ये वेळ येते.

वेळेसकट तुलना खरोखर हवी असेल तर दोन्हीकडचा आकडा ८६४०० ने गुणून राउंड करा, म्हणजे सेकंदांत तुलना होईल. फॉर्म्युल्याने काढलेली वेळ आणि टाइप केलेली वेळ दशांशाच्या फार मागच्या घरात वेगळी निघू शकते, आणि "=" तेवढ्यावर अडतं.

रिकामे सेल, दोन अंकी वर्ष आणि १९०४

रिकामा सेल तुलनेत शून्य धरला जातो. शून्य आजच्यापेक्षा लहान, म्हणून देय तारीख न भरलेली प्रत्येक ओळ "मुदत उलटली" दाखवते. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये अट अशी लिहा: =अँड(इजनंबर($सी२),$सी२<टुडे()). इजनंबरमुळे रिकामे सेलही वगळले जातात आणि मजकूरही. रिकाम्या सेलचा मंथ १ येतो, त्यामुळे महिन्यावार मोजणीत जानेवारी फुगलेला दिसला तर कारण शोधायला लांब जायला नको. महिन्यांची तुलना मंथ(ए२)=मंथ(बी२) अशी करू नका, वर्ष सुटतं; ईओमंथ(ए२,०)=ईओमंथ(बी२,०) करा.

वर्ष दोन अंकी लिहिलं की शतक एक्सेल ठरवतं, आणि ते विंडोजच्या सेटिंगवरून. हद्द २०२९ वर असेल तर २०३० साली संपणारी ठेव ३१/०५/३० अशी टाकल्यावर १९३० ची होते. डेट फंक्शन तर सेटिंगही विचारत नाही: डेट(२४,४,१) म्हणजे १ एप्रिल १९२४. वर्ष चार अंकी लिहा, विषय संपला.

दोन वर्कबुकमधल्या तारखांत नेमका १४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवसाचा फरक येत असेल, तर एक फाइल १९०४ पद्धतीची, म्हणजे दिवस १९०० ऐवजी १९०४ पासून मोजणारी, आहे. जुन्या मॅकवर बनलेल्या फाइली अशा असतात. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड मध्ये ती टिक दिसेल. भरलेल्या वर्कबुकमध्ये ती बदलू नका, सगळ्याच तारखा सरकतील. १९०४ च्या फाइलीतून साध्या फाइलीत चिकटवलेल्या तारखांत पेस्ट स्पेशलच्या ॲडने १४६२ मिळवा.

मॅक्रो वापरत असाल तर

मॅक्रोमध्ये वेगळीच गंमत आहे: हाताने उघडली तर फाइल बरोबर, मॅक्रोने उघडली तर तारखा उलट्या. संगणक तोच, रीजन इंडिया. कारण व्हीबीए, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती, स्वभावाने अमेरिकन आहे. वर्कबुक्स.ओपन सीएसव्ही वाचताना विंडोजचं रीजन न पाहता महिना आधी धरतं. त्याला लोकल:=ट्रू हा पर्याय द्या, की ते विंडोजप्रमाणे वाचतं. मॅक्रोने महिन्याच्या फाइली गोळा करणाऱ्या अनेक शीटचं जुनं दुखणं या एका पर्यायाने जातं.

याच स्वभावाचे आणखी तीन परिणाम. कोडमध्ये # चिन्हांत लिहिलेली तारीख कायम महिना आधी अशीच वाचली जाते. सेलला मॅक्रोतून "०५/०४/२०२४" हा मजकूर दिला तर सेलमध्ये ४ मे पडतो. आणि ऑटोफिल्टरच्या अटीत तारीख मजकूर म्हणून जोडली तर फिल्टर रिकामा येतो किंवा भलत्या ओळी दाखवतो. तिन्हींवर उपाय एकच, तारीख अंक म्हणून वागवा. तारीख बनवायला डेटसिरिअल(२०२४, ४, ५), फिल्टरला ">=" & सीलाँग(तारीख). एकाच दिवसाचा फिल्टर हवा असेल तर "=" ऐवजी त्या दिवसापासून दुसऱ्या दिवसाच्या आधीपर्यंत अशा दोन अटी लावा.

सीडेट आणि इजडेट यांच्यावर विसंबू नका. सीडेट आधी संगणकाच्या क्रमाने वाचतं. नाही जमलं तर एरर न देता दुसऱ्या क्रमाने वाचून टाकतं. अमेरिकन सेटिंगवर १३/०४/२०२४ चे १३ एप्रिल आणि ०५/०४/२०२४ चे ४ मे, दोन्ही बिनतक्रार. इजडेटही दोघांना ट्रू म्हणतं.

दुसरी सर्रास चूक म्हणजे तुलनेआधी फॉरमॅट फंक्शनने दोन्ही तारखा "डीडी/एमएम/वायवायवायवाय" करून घेणं. फॉरमॅटचं उत्तर मजकूर असतं आणि मजकुराची तुलना डावीकडून अक्षरागणिक होते, म्हणून "०२/०५/२०२४" हा "०१/१२/२०२४" पेक्षा मोठा ठरतो. समान आहेत का एवढंच पाहायचं तर चालतं. लहान-मोठं पाहायला नाही. सेल वाचताना .टेक्स्ट टाळा, कॉलम अरुंद असेल तर त्यात ##### येतं. .व्हॅल्यू२ शुद्ध अंक देतं, तुलनेला तेच घ्या. आणि तो अंक इंटिजर व्हेरिएबलमध्ये ठेवू नका: इंटिजर ३२७६७ ला संपतो, म्हणजे १६ सप्टेंबर १९८९ ला. त्यानंतरच्या कुठल्याही तारखेला ओव्हरफ्लो, एरर क्रमांक ६. लाँग किंवा डबल घ्या.

मजकुराच्या तारखा वळवणारा मॅक्रो लिहायचा असेल तर त्याची चाल अशी ठेवा:

१. निवडलेल्या प्रत्येक सेलचा व्हारटाइप पाहा. व्हीबीस्ट्रिंग नसेल तर हात लावू नका. खऱ्या तारखांची अदलाबदल या मॅक्रोत घालू नका.

२. मजकुरातून सीएचआरडब्ल्यू(१६०) काढा. मग ० ते ९ असा लूप चालवून सीएचआरडब्ल्यू(२४०६ + आय) च्या जागी तो अंक ठेवा. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि नऊपर्यंत ते ओळीने आहेत. अंक थेट कोडमध्ये टाइप करून चालत नाही, व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी कळत नाही आणि तिथे प्रश्नचिन्हं उमटतात.

३. ठिपका आणि - यांच्या जागी / करा, स्प्लिटने तीन तुकडे करा. तीन तुकडे नसतील किंवा वर्षाची लांबी चार नसेल तर सेल पिवळा करून पुढे जा.

४. डेटसिरिअलने तारीख बनवा, आणि लगेच तिचा डे आणि मंथ मूळ तुकड्यांशी ताडून पाहा. डेटसिरिअलही ३१/०४ नाकारत नाही, १ मे करून देतं. न जुळल्यास पिवळा.

५. सेलला आधी नंबरफॉरमॅट "डीडी-एमएम-वायवायवायवाय" द्या, मग .व्हॅल्यू२ मध्ये अंक लिहा. क्रम उलटा झाला आणि सेल टेक्स्ट फॉरमॅटचा असला, तर अंकही मजकूर म्हणूनच बसतो.

मॅक्रो चालल्यावर कंट्रोल + झेड काम करत नाही. कॉपीवर चालवा.

महिन्यांचा फरक मोजताना व्हीबीएचं डेटडिफ आणि शीटमधलं डेटडिफ ही दोन निराळी फंक्शनं आहेत. व्हीबीएचं ("एम" देऊन) कॅलेंडरच्या किती महिन्यांच्या सीमा ओलांडल्या ते मोजतं, म्हणून ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी हा एक महिना. शीटमधलं पूर्ण झालेले महिने मोजतं, तिथे उत्तर शून्य. नोकरीचा कालावधी किंवा व्याज काढणाऱ्यांनी हे आधी ठरवून घ्यावं. शीटमधल्या डेटडिफचा "एमडी" पर्याय मायक्रोसॉफ्ट स्वतःच वापरू नका म्हणतं.

दुखणं परत येऊ नये म्हणून

दर महिन्याला फाइल येत असेल तर डबल क्लिकची सवय सोडा आणि पॉवर क्वेरीने (डेटा आत घ्यायचं एक्सेलमधलंच साधन) आत घ्या. डेटा टॅब, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, फाइल निवडा, पण लोड न दाबता ट्रान्सफॉर्म डेटा दाबा. उजवीकडे अप्लाइड स्टेप्समध्ये चेंज्ड टाइप नावाची पायरी आपोआप आलेली असेल. ती आधी काढून टाका. ती ठेवून पुढे गेलात तर तारखा तिथेच उलटलेल्या असतात आणि नंतरच्या पायरीला दुरुस्त करायला काही उरत नाही. मग तारखेच्या कॉलमवर राइट क्लिक, चेंज टाइप, यूझिंग लोकॅल (लोकॅल म्हणजे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचं ते). डेटा टाइप डेट, लोकॅल इंग्लिश (इंडिया). तारखेसोबत वेळ असेल तर आधी डेट/टाइम करा, मग वेगळी पायरी म्हणून डेट. शेवटी क्लोज अँड लोड.

पुढच्या महिन्यात नवी फाइल त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि रिफ्रेश ऑल दाबा. जी तारीख वाचता येत नाही तिथे क्वेरीत एरर दिसतो, गुपचूप भलती तारीख पडत नाही. संगणक बदलला, रीजन बदललं, तरी क्वेरीत लिहिलेलं लोकॅल बदलत नाही. मला तरी या सगळ्या उपायांत हाच एक पुरा वाटतो, बाकीचे डागडुजीचे.

हाताने भरल्या जाणाऱ्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावा: अलाऊमध्ये डेट, सुरुवात आर्थिक वर्षाचा पहिला दिवस, शेवट अखेरचा. मजकूर आणि १९३० दोन्ही अडतात. चिकटवलेल्या डेटाला मात्र व्हॅलिडेशन अडवत नाही, त्यासाठी त्याच मेनूतलं सर्कल इनव्हॅलिड डेटा अधूनमधून चालवा. आणि वर दिलेला काउंटए उणे काउंटचा फॉर्म्युला शीटच्या माथ्यावर कायम ठेवून द्या.

गूगल शीट्स आणि लिबरऑफिस

गूगल शीट्समध्ये विंडोजचा संबंध नाही. प्रत्येक फाइलचं आपलं लोकॅल असतं. फाइल, सेटिंग्ज मध्ये लोकॅल इंडिया करा आणि मगच डेटा चिकटवा. आधी चिकटवलेल्या तारखा लोकॅल बदलल्याने सुधारत नाहीत.

लिबरऑफिस कॅल्क सीएसव्ही उघडताना खिडकी दाखवतं, तिथेच तारखेच्या कॉलमच्या माथ्यावर क्लिक करून कॉलम टाइप डेट (डीएमवाय) निवडा. बहुतेक जण ती खिडकी न वाचता ओके दाबतात. मजकूर राहिलेल्या तारखेपुढे वरच्या पट्टीत ' असं चिन्ह दिसतं.

ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गूगल शीट्सच्या मॅक्रोंच्या भाषेत, दोन तारखा == ने ताडल्या तर दिवस एकच असूनही उत्तर फॉल्स येतं, कारण तिथे दोन वेगळ्या वस्तूंची तुलना होते; दोन्हींवर .गेटटाइम() लावून अंक ताडा. आणि स्क्रिप्टने लिहिलेली तारीख एक दिवस मागची येत असेल तर ती कुठेतरी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) बदलली जातेय: आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीची आदल्या दिवशीची संध्याकाळी ६:३०. टूआयएसओस्ट्रिंग वापरत असाल तर ते काढून यूटिलिटीज.फॉरमॅटडेट वापरा, त्यात टाइमझोन "एशिया/कोलकाता" द्या, आणि प्रोजेक्ट सेटिंग्ज व स्प्रेडशीट सेटिंग्ज या दोन्ही ठिकाणी टाइमझोन एकच आहे का ते पाहा.